काउंटेबल की अनकाउंटेबल? आधी नाम ठरवा, मग वाक्य लिहा

इंग्रजी वाक्य आधी लिहून टाकायचं आणि मग 'मच' घालू की 'मेनी' म्हणून डोकं खाजवत बसायचं, ही सवय नागपुरात बर्डीतल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासपासून मिहानमधल्या ऑफिसपर्यंत सगळीकडे दिसते. खरी चूक त्याच्या दोन पावलं आधी, नाम निवडताना झालेली असते. नाम काउंटेबल (आकडा लावून मोजलं जाणारं) आहे की अनकाउंटेबल (तसं न मोजलं जाणारं) हे एकदा पक्कं झालं की आर्टिकल ('अ', 'ॲन', 'द'), 'मच-मेनी', क्रियापद आणि सर्वनाम त्याच्या मागोमाग येतात. क्रम उलटा केला तर यातल्या प्रत्येक ठिकाणी अंदाज मारावा लागतो, आणि चार अंदाजांतला एक तरी हुकतोच.

खालचे टप्पे म्हणून क्रमानेच वाचा. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती मोठ्यानं म्हणा. शेवटचा 'स' आपण खातोय की नसताना लावतोय, हे डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं.

तयारी: शब्दकोश, वही आणि एक बंदी

शब्दकोश आधी. घरात असतो तो इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामाला पुरत नाही. त्यात अर्थ मिळतो, पण नाम मोजलं जातं की नाही याची खूण बहुधा नसते. शिकणाऱ्यांसाठी काढलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी लागते: ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन. तिन्ही मोबाइलवर फुकट बघता येतात. नामाजवळ चौकोनी कंसात कुठे 'सी' किंवा 'यू' हे अक्षर असतं, कुठे 'काउंटेबल' किंवा 'अनकाउंटेबल' असा पूर्ण शब्द. ही खूण शब्दाला एकदाच दिलेली नसते. प्रत्येक अर्थाला वेगळी असते. पहिला अर्थ वाचून डिक्शनरी बंद करणारे इथेच फसतात.

वहीत दोन रकाने पाडून डावीकडे काउंटेबल, उजवीकडे अनकाउंटेबल अशी यादी करू नका. अशा याद्या परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात आणि पेपरात 'इक्विपमेंट' नेमका कोणत्या रकान्यात होता ते आठवत नाही. त्याऐवजी प्रत्येक नामाचं एक छोटं वाक्य लिहा, क्रियापदासकट: 'द फर्निचर इज न्यू.' 'देअर इज मच ट्रॅफिक' असं अर्धवट नको, 'देअर इज टू मच ट्रॅफिक ऑन वर्धा रोड' असं पुरतं लिहा. वाक्य कानात बसलं की 'फर्निचर आर' आपोआप खटकायला लागतं.

आणि बंदी ही, की मराठी वाक्यातलं वचन उचलून इंग्रजीत न्यायचं नाही. मराठीत अनेकवचन आहे म्हणून इंग्रजीतही असेल, हा हिशेब आजपासून बंद.

*तपासणी:* डिक्शनरीत 'पेपर' हा शब्द उघडा. वर्तमानपत्र, परीक्षेचा पेपर आणि नुसता कागद या तीन अर्थांपुढच्या खुणा शोधा. पहिल्या दोन अर्थांना काउंटेबल आणि कागदाला अनकाउंटेबल दिसलं, की तुम्हाला डिक्शनरी वाचता येते असं समजा.

टप्पा १: प्रश्न वस्तूला नको, शब्दाला विचारा

दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच: "सर, पैसे तं मोजतोच न आपण, मंग मनी अनकाउंटेबल काहून?" प्रश्न रास्त आहे. आपण मोजतो ते रुपये, नोटा, नाणी. 'रुपी', 'नोट', 'कॉइन' हे तिन्ही शब्द काउंटेबलच आहेत. 'मनी' या शब्दापुढे मात्र 'वन, टू, थ्री' लागत नाहीत. खिशातली वस्तू तीच, पण शब्द बदलला की व्याकरण बदललं.

वस्तू बारीक असेल तर अनकाउंटेबल, हा नियमही डोक्यातून काढा. तांदळाचे दाणे मोजत बसणं शक्य नाही म्हणून 'राइस' अनकाउंटेबल, असं शिकवलं जातं. मग मसूर? तोही बारीकच, तरी 'लेंटिल्स आर', आणि वाटाणे 'पीज आर'. गहू 'व्हीट इज', पण ओट्स 'आर'. कांदा 'ॲन अनियन', पण लसूण 'गार्लिक', त्याला 'अ' नाही. उलट सोफा चार माणसांना उचलावा लागतो, तरी 'फर्निचर' अनकाउंटेबल. आकाराशी याचा संबंध जोडाल तर रोज एक अपवाद सापडेल.

आकारापेक्षा उपयोगी पडणारी खूण दुसरी आहे. वेगवेगळ्या वस्तूंच्या ढिगाला मिळून जे एक नाव असतं, ते इंग्रजीत बहुतेक वेळा अनकाउंटेबल असतं आणि त्या ढिगातली एकेक वस्तू काउंटेबल. फर्निचर अनकाउंटेबल, चेअर काउंटेबल. लगेज अनकाउंटेबल, सूटकेस काउंटेबल. ज्वेलरी आणि रिंग, ट्रॅफिक आणि कार, मशिनरी आणि मशीन, स्टेशनरी आणि पेन, म्युझिक आणि साँग, पोएट्री आणि पोएम: सगळ्या जोड्या याच चालीच्या. या जोड्या वहीत शेजारी शेजारी लिहा, सहाव्या टप्प्यावर त्या लागतील.

द्रव, वायू, पीठ-पावडर, धातू, भाषा, शाळेतले विषय आणि बहुतेक भाववाचक नामं अनकाउंटेबल असतात. 'बहुतेक' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. 'आयडिया', 'प्रॉब्लेम', 'ड्रीम' यांना हात लावता येत नाही, तरी ती बिनधास्त मोजली जातात.

*सावधान:* 'हात लावता येतो ते काउंटेबल' असं कुणी सांगितलं तर त्यांना पाणी आणि आयडिया या दोन शब्दांचं काय करायचं ते विचारा.

टप्पा २: मराठीमुळे पडणारे खड्डे ओळखा

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, म्हणून इथे वेळ द्या.

पहिला खड्डा: मराठीत अनेकवचन, इंग्रजीत अनकाउंटेबल. आपण म्हणतो पैसे संपले, केस गळतात, दागिने केले, पुरावे दिले, सल्ले मिळाले, बातम्या ऐकल्या, गारा पडल्या, पोहे झाले, तांदूळ निवडले, खूप कामं आहेत. सगळी अनेकवचनं. इंग्रजीत यातलं प्रत्येक अनकाउंटेबल: मनी, हेअर, ज्वेलरी, एव्हिडन्स, ॲडव्हाइस, न्यूज, हेल, पोहा, राइस, वर्क. म्हणून 'हर हेअर इज लाँग', 'द ज्वेलरी इज इन द लॉकर', 'देअर इज नो एव्हिडन्स'. सकाळी टपरीवर तर्री ओतून दिलेले पोहे मराठीत 'गरम आहेत', इंग्रजीत मात्र 'द पोहा इज हॉट'.

यातलं 'वर्क' वेगळं काढून ठेवा, कारण 'आय हॅव मेनी वर्क्स टुडे' हे वाक्य आपल्याकडच्या ऑफिसांतल्या मेलमध्ये रोज जातं. 'वर्क्स' म्हणजे कारखाना, किंवा एखाद्या लेखकाच्या वा चित्रकाराच्या कलाकृती. तुम्हाला म्हणायचं असतं 'आय हॅव अ लॉट ऑफ वर्क'. कामं मोजायचीच असतील तर 'टास्क' किंवा 'जॉब' घ्या.

दुसरा खड्डा जास्त विचित्र आहे. माहिती, सामान, फर्निचर, स्टेशनरी, प्रगती हे शब्द मराठीतही आपण मोजत नाही. 'दोन माहित्या' कोणी म्हणत नाही. तरी इंग्रजी लिहिताना 'इन्फर्मेशन्स', 'लगेजेस', 'फर्निचर्स', 'स्टेशनरीज' होतंच. इथे मराठीला दोष देता येत नाही. जास्त आहे म्हणजे 'एस' लावायचा, ही शाळेत लागलेली सवय आहे. त्यात आता नव्या नोकऱ्यांची भर पडली: 'फीडबॅक्स', 'सॉफ्टवेअर्स', 'ट्रेनिंग्ज', 'हार्डवेअर्स'. फीडबॅक, सॉफ्टवेअर, हार्डवेअर अनकाउंटेबल आहेत. ट्रेनिंग तीनदा झालं तर 'थ्री ट्रेनिंग सेशन्स' म्हणा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी 'कोड'सुद्धा अनकाउंटेबल: 'आय रोट सम कोड', 'सम कोड्स' नाही. पिन कोड, ओटीपी कोड मात्र मोजा, तो अर्थ वेगळा.

तिसरा खड्डा उलट्या बाजूचा. मराठीत एकवचन, इंग्रजीत नेहमी अनेकवचन. 'माझा चष्मा कुठे आहे?' हे 'व्हेअर आर माय स्पेक्टकल्स?' होतं. कात्री 'सिझर्स आर', पँट 'ट्राउझर्स आर', पायजमा 'पजामाज आर'. ही नामं अनकाउंटेबल नाहीत, पण 'वन सिझर, टू सिझर्स' असंही चालत नाही. एक म्हणायचं तर 'अ पेअर ऑफ सिझर्स'. 'पोलीस' याच रांगेत बसवा: मराठीत एक पोलीस येतो, इंग्रजीत 'द पोलीस हॅव कम'. एकटाच असेल तर 'अ पोलीस ऑफिसर'. 'कॅटल', म्हणजे गुरं, याला 'एस' नसतो पण क्रियापद अनेकवचनीच.

आणि गांधीबागेत कापड घ्यायला निघालेल्यांसाठी तीन शब्द. 'क्लॉथ' म्हणजे कापड, अनकाउंटेबल: 'थ्री मीटर्स ऑफ क्लॉथ'. तोच शब्द पुसायच्या फडक्याला वापरला की काउंटेबल: 'अ क्लॉथ, टू क्लॉथ्स'. 'क्लोद्ज' म्हणजे अंगावरचे कपडे, नेहमी अनेकवचनी, आणि त्याआधी आकडा लावत नाहीत. 'टू क्लोद्ज' चूक. शर्ट, कुर्ता असं नाव घेऊन मोजा.

*तपासणी:* कात्री, दागिने, केस, पोलीस, सामान. पाचही शब्द इंग्रजीत घालून 'इज' किंवा 'आर' लावा. 'आर' फक्त पहिल्याला आणि चौथ्याला लागला पाहिजे.

टप्पा ३: कोणत्या अर्थानं वापरताय ते ठरवा

काही नामं दोन्ही घरची असतात. इथे डिक्शनरीचा दुसरा-तिसरा अर्थ बघायची सवय कामी येते.

'चिकन' घ्या. 'वी एट चिकन ॲट अ सावजी प्लेस' म्हणजे सावजीत जाऊन चिकन खाल्लं. 'वी एट अ चिकन' म्हटलंत तर अख्खी कोंबडी फस्त केलीत असं होतं. 'हेअर' डोक्यावर असतो तोवर अनकाउंटेबल, रश्श्यात एक सापडला की 'अ हेअर'. 'ग्लास' म्हणजे काच अनकाउंटेबल, पाण्याचा पेला काउंटेबल. 'आयर्न' म्हणजे लोखंड अनकाउंटेबल, इस्त्री काउंटेबल. 'रूम' म्हणजे खोली काउंटेबल, पण बसमध्ये उभं राहायला जागा नसते तेव्हा 'देअर इज नो रूम इन द बस'. 'ऑरेंज' संत्रं असेल तर 'ॲन ऑरेंज', रंग असेल तर नुसतं 'ऑरेंज', आणि 'ऑरेंज ज्यूस' अनकाउंटेबल. 'रेन' अनकाउंटेबल, पण 'द रेन्स' म्हणजे पावसाळा, आणि तो बरोबर आहे.

बायोडेटा लिहिणाऱ्यांनी 'एक्सपिरियन्स' नीट बघावा. कामाचा अनुभव अनकाउंटेबल: 'आय हॅव टू इयर्स ऑफ एक्सपिरियन्स इन अकाउंट्स'. 'आय हॅव मेनी एक्सपिरियन्सेस इन अकाउंट्स' असं लिहिलं तर अकाउंट्स विभागात तुमच्यासोबत बरेच प्रसंग घडले, असा वास त्याला येतो. प्रसंग, आठवण या अर्थानं मात्र 'अ स्ट्रेंज एक्सपिरियन्स' चालतो. 'टाइम'चंही तसंच: वेळ अनकाउंटेबल, खेप काउंटेबल, म्हणून 'थ्री टाइम्स'.

चहा-कॉफी अनकाउंटेबल, पण हॉटेलात ऑर्डर देताना 'टू कॉफीज, प्लीज' बरोबर. तिथे 'कॉफीज' म्हणजे दोन कप. बोलण्यात हे चालतं, निबंधात 'टू कप्स ऑफ कॉफी' लिहिलेलं बरं.

*सावधान:* 'एस' लागला की अर्थच पालटतो अशी काही नामं आहेत. 'डॅमेज' म्हणजे नुकसान, 'डॅमेजेस' म्हणजे कोर्टानं द्यायला लावलेली भरपाई. 'कस्टम' म्हणजे प्रथा, 'कस्टम्स' म्हणजे सीमाशुल्क. 'मॅनर' म्हणजे पद्धत, 'मॅनर्स' म्हणजे वागण्यातली शिस्त.

टप्पा ४: आर्टिकल लावा

नाम ठरलं, अर्थ ठरला. आता आर्टिकल, आणि नियम दोनच.

काउंटेबल नाम एकवचनात एकटं उभं राहत नाही. त्याच्या पुढे काहीतरी हवंच: 'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी', काहीही. 'आय बॉट कूलर' हे वाक्य म्हणून अपुरं आहे. 'आय बॉट अ कूलर'. मराठीत 'कूलर घेतला' पुरतं, त्यामुळे हा 'अ' सतत गळतो.

अनकाउंटेबल नामाला 'अ' किंवा 'ॲन' लागत नाही. 'अ गुड न्यूज', 'ॲन ॲडव्हाइस', 'अ होमवर्क' ही तिन्ही चूक. विशेषण मध्ये आलं म्हणून सूट मिळत नाही. 'द' मात्र लागतो, पण कोणत्या तरी ठरावीक गोष्टीबद्दल बोलत असाल तरच. पाणी जीवन आहे म्हणताना 'वॉटर इज लाइफ', माठातलं पाणी थंड आहे म्हणताना 'द वॉटर इन द माठ इज कूल'. कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा जाळतात हे सांगताना 'कोल' एकटाच येतो, त्याला 'अ' नाही आणि 'द'ही नाही.

अपवाद म्हणून 'अ गुड नॉलेज ऑफ मराठी' आणि 'अ गुड एज्युकेशन' दिसतील. ते बरोबर आहेत. त्यांच्यावरून नियम करू नका.

टप्पा ५: मच, मेनी आणि त्यांची भावंडं

इथवर क्रमानं आलात तर हा टप्पा सोपा आहे. काउंटेबल अनेकवचनाला 'मेनी, फ्यू, अ फ्यू, फ्यूअर, सेव्हरल, बोथ, अ नंबर ऑफ'. अनकाउंटेबलला 'मच, लिट्ल, अ लिट्ल, लेस, अ ग्रेट डील ऑफ, ॲन अमाउंट ऑफ'. 'सम, एनी, नो, इनफ, अ लॉट ऑफ, प्लेंटी ऑफ' दोन्हीकडे चालतात. शंका असेल आणि प्रश्न बहुपर्यायी नसेल, तर 'अ लॉट ऑफ' लिहून मोकळे व्हा.

'मच' साध्या होकारी वाक्यात अवघडल्यासारखा वाटतो. 'आय हॅव मच मनी' व्याकरणाच्या नियमाने चुकीचं ठरवता येणार नाही, पण कोणी तसं बोलत नाही. 'मच' प्रश्नात, नकारात आणि 'टू, सो, हाऊ' यांच्या मागे ठेवा.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतला एक 'अ' वाक्याचा सूर फिरवतो. 'अ फ्यू स्टुडंट्स केम' म्हणजे काही मुलं आली, बरं झालं. 'फ्यू स्टुडंट्स केम' म्हणजे जवळपास कोणी फिरकलं नाही. 'लिट्ल' आणि 'अ लिट्ल' यांचंही असंच. कलेक्टर ऑफिसला अर्ज करताना 'आय हॅव लिट्ल लँड' आणि 'आय हॅव अ लिट्ल लँड' यांत कुठलं लिहायचं, ते तुम्हाला काय मागायचं आहे त्यावर ठरेल.

अंतर, वेळ आणि रक्कम आकड्यात आली तरी 'लेस दॅन' घेतात: 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स', 'लेस दॅन टेन मिनिट्स'. कारण तिथे मिनिटं सुटी सुटी मोजायची नसतात, सगळी मिळून एक मात्रा धरायची असते.

*तपासणी:* 'वन ऑफ द' नंतर नेहमी काउंटेबल अनेकवचन येतं. 'वन ऑफ माय फ्रेंड' चूक, 'वन ऑफ माय फ्रेंड्स' बरोबर. 'वन ऑफ द फर्निचर' किंवा 'वन ऑफ द फर्निचर्स' दोन्ही चूक. मग करायचं काय, ते पुढच्या टप्प्यात.

टप्पा ६: अनकाउंटेबल मोजायचं असेल तर

दोन वाटा आहेत. दुसरी बहुतेक वेळा सोपी पडते, तरी शिकवली जाते पहिलीच.

पहिली वाट, माप लावणं. 'अ पीस ऑफ' हा सगळ्यांत कामाचा: ॲडव्हाइस, न्यूज, इन्फर्मेशन, फर्निचर, एव्हिडन्स, म्युझिक, चॉक, ब्रेड, सगळ्यांना चालतो. बाकी ठरलेली मापं: 'अ लोफ ऑफ ब्रेड', 'अ स्लाइस ऑफ ब्रेड', 'अ बार ऑफ सोप', 'अ शीट ऑफ पेपर', 'अ ग्रेन ऑफ राइस', 'अ पिंच ऑफ सॉल्ट', 'अ क्लोव्ह ऑफ गार्लिक', 'अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग', 'अ क्लॅप ऑफ थंडर'. संत्रा बर्फीसुद्धा 'टू पीसेस ऑफ ऑरेंज बर्फी'.

मापाला अनेकवचन लागतं, नामाला नाही. 'टू पीसेस ऑफ फर्निचर' बरोबर. 'टू पीस ऑफ फर्निचर्स' म्हणजे 'एस' चुकीच्या दारात उभा. आणि 'ऑफ' विसरू नका. मराठीत 'दोन किलो साखर' म्हणताना मध्ये काही येत नाही आणि किलोचं अनेकवचनही होत नाही, म्हणून 'टू किलो शुगर' तोंडात बसलंय. इंग्रजीत 'टू किलोज ऑफ शुगर'. 'डझन'ला मात्र यातलं काहीच लागत नाही: 'टू डझन ऑरेंजेस'. ना 'एस', ना 'ऑफ'. हे दोन शेजारी शेजारी लिहून ठेवा, कारण कळमन्याच्या बाजारावरचा उतारा आला की दोन्ही एकाच वाक्यात येतात.

दुसरी वाट, शब्दच बदलणं. पहिल्या टप्प्यातल्या जोड्या आता काढा. 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'पेक्षा 'टू सजेशन्स' सुटसुटीत. 'ट्रॅव्हल'ऐवजी 'ट्रिप', 'वर्क'ऐवजी 'टास्क', 'इन्फर्मेशन'ऐवजी 'डिटेल्स' किंवा 'फॅक्ट्स', 'हेल'ऐवजी 'हेलस्टोन्स', 'एव्हिडन्स'ऐवजी जे काय जोडलंय ते: फोटो, बिल, सातबारा. पत्र लिहिताना मी नेहमी हीच वाट सुचवतो. नेमका शब्द आला की व्याकरणाची अर्धी भानगड मिटते आणि वाचणाऱ्यालाही नक्की काय जोडलंय ते कळतं.

टप्पा ७: क्रियापद आणि सर्वनाम

अनकाउंटेबल नामाला एकवचनी क्रियापद आणि 'इट'. 'द लगेज इज हेवी. इट इज इन द ऑटो.' पहिल्या वाक्यात 'इज' बरोबर लिहून दुसऱ्यात 'दे आर' लिहिणारे पुष्कळ आहेत. सर्वनाम पुढच्या वाक्यात येतं, तेव्हा नामाकडे परत बघायचं राहून जातं.

शेवटी 'एस' दिसतो म्हणून फसू नका: न्यूज, मॅथेमॅटिक्स, फिजिक्स, इकॉनॉमिक्स, मीझल्स. सगळी 'इज'. गोवराच्या पुरळाचे डाग हजार असले तरी 'मीझल्स इज'.

माप लावलं तर क्रियापद मापामागे जातं: 'टू पीसेस ऑफ फर्निचर आर ब्रोकन'. पण एकूण मात्रेबद्दल बोलत असाल तर एकवचन: 'टेन किलोज ऑफ राइस इज इनफ'.

एक अर्ज, टप्प्याटप्प्यानं

समजा काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत गारपीट झाली आणि नागपुरात शिकणारा मुलगा वडिलांच्या वतीनं विमा कंपनीला मेल लिहितोय. कच्चा मसुदा असा:

'लास्ट नाइट हेल्स फेल इन अवर व्हिलेज. मच ऑरेंजेस वेअर डिस्ट्रॉइड. हेवी डॅमेजेस वेअर कॉज्ड टू अवर इक्विपमेंट्स. आय ॲम अटॅचिंग फ्यू एव्हिडन्सेस. प्लीज गिव्ह अस ॲन इन्फर्मेशन अबाउट द क्लेम.'

लगेच दुरुस्त करू नका. आधी नामांखाली रेघा मारा: हेल, ऑरेंज, डॅमेज, इक्विपमेंट, एव्हिडन्स, इन्फर्मेशन. व्हिलेज आणि क्लेम काउंटेबल आहेत आणि नीट आले आहेत, ते सोडा. सहांपैकी काउंटेबल एकच, ऑरेंज. म्हणजे बाकी पाचांचे 'एस' आणि 'ॲन' जायला हवेत, आणि ऑरेंजला 'मेनी' हवा. 'गारा' मराठीत अनेकवचनी, त्यामुळे पहिल्याच वाक्यात घसरण झाली. 'डॅमेजेस' तर सगळ्यांत महाग पडणारी चूक, कारण विम्याच्या पत्रात त्याचा अर्थ कोर्टाची भरपाई असा लागू शकतो.

आता 'फ्यू'. 'अ' गळल्यामुळे मुलगा स्वतःच कबूल करतोय की पुरावा जवळपास नाही. इथे 'सम एव्हिडन्स' लिहिता येईल, पण शब्द बदलणं जास्त बरं. हातात फोटो असतील तर 'अ फ्यू फोटोग्राफ्स' किंवा थेट आकडा.

क्रियापदं शेवटी. 'डॅमेज' एकवचनी झालं म्हणून 'वेअर'चं 'वॉज'. 'ऑरेंजेस'चं 'वेअर' तसंच राहील. दुरुस्त मजकूर:

'लास्ट नाइट हेल फेल इन अवर व्हिलेज. मेनी ऑरेंजेस वेअर डिस्ट्रॉइड. हेवी डॅमेज वॉज कॉज्ड टू अवर इक्विपमेंट. आय ॲम अटॅचिंग ट्वेल्व्ह फोटोग्राफ्स. प्लीज गिव्ह अस सम इन्फर्मेशन अबाउट द क्लेम.'

परीक्षेत चूक शोधायचा प्रश्न आला तर

वाक्याचे चार तुकडे करून चूक कोणत्या तुकड्यात आहे असं विचारतात. आधी क्रियापद तपासण्याचा मोह होतो, तो आवरा. नामांवर बोट ठेवत जा. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, सीनरी, लगेज, इक्विपमेंट, हेअर, न्यूज, पोलीस, कॅटल यांतलं एखादं दिसलं की बहुधा चूक तिथेच किंवा त्याच्या लगतच्या शब्दात असते. 'सीनरीज' हा तर ठरलेला पाहुणा आहे: 'द सीनरीज ऑफ काश्मीर आर'. दुरुस्तीत दोन गोष्टी बदलाव्या लागतात, 'एस' आणि 'आर'. पण चूक एकाच तुकड्यात दाखवायची असेल तर नामाचा तुकडा निवडा, कारण क्रियापद त्याच्यामुळेच चुकलेलं असतं.

'ॲडव्हाइस' दिसला तर स्पेलिंगही बघा. नामात 'सी', क्रियापदात 'एस'. उच्चारही वेगळे, नामाच्या शेवटी 'स' आणि क्रियापदाच्या शेवटी 'झ'.

'डेटा'वर अडू नका. तो मुळात अनेकवचन, पण आता 'डेटा इज' आणि 'डेटा आर' दोन्ही छापील इंग्रजीत दिसतात. त्याच वाक्यात दुसरी उघड चूक आहे का ते आधी बघा, बहुतेक वेळा ती असते.